कडीवरचा हात

शंकर नगर, रायपूर
३ ऑक्टोबर २०१६

चि. चित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मग वाटलं, बरंच झालं. जे सांगायचं आहे ते फोनमध्ये मावणारं नाही.

तुझ्या नातीचं गाणं ऐकलं. काल दुपारी जेवणं झाल्यावर शिशिरने टीव्हीला कसलीशी तार जोडली आणि म्हणाला, "बाबा, अनुश्रीचं आहे, ऐका." मी चूळ भरून येत होतो, तसाच पंचा हातात घेऊन दारात उभा राहिलो. चित्रा, हे आपलं गाणं. रेल्वे क्लबच्या पायऱ्यांवरचं.

तू तेव्हा परकर-पोलक्यात होतीस, ताईकडे सुट्टीला आलेली. मी नवा बाबू, मला आत कोण घेणार? खरगपूरहून बँड आला होता म्हणून आपण तिघं बाहेर पायऱ्यांवर बसून खिडकीतून ऐकत होतो. पिवळ्या झग्यातली बाई गात होती, आणि खिडकीशी बसलेला तो म्हातारा क्लॅरिनेट वाजवत होता. त्याच्या फुगलेल्या गालांना तुम्ही दोघी बहिणी तोंडावर हात दाबून हसत होतात. जॅझ हा शब्द मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन तुझ्या ताईला, विनोदिनीला, त्या इंग्रजी गाण्याचा अर्थ सांगितला. जाणाऱ्या माणसाला ती बाई म्हणते, जायचं तर जा, छत्री ने, दिवा ने, पण दार नुसतं लोटून घे, बाहेरून कडी नको लावूस. विनोदिनी म्हणाली, "एवढंच? हे तर मी तुम्हाले रोज ड्यूटीवर निघताना सांगते." आणि मग जन्मभर पोळ्या लाटताना तेच गुणगुणत राहिली. तू ते पाळण्यापर्यंत नेलंस. आधी सुशीलला, मग अनुश्रीला त्याच ठेक्यावर थोपटायचीस. उलटा ठेका, थाप पडायला हवी तिथे न पडता जरा मागून पडायची. मी म्हणायचो, अशाने पोर झोपेल कशी? आणि पोर झोपायची.

आता तीच पोर गाते आहे. कशी गाते म्हणून सांगू? शाळेत गुरुजी आम्हाला चालीवर कविता म्हणायला लावत. ओळीत थांबायची जागा ठरलेली, तिला यती म्हणायचं. ती चुकली की छडी. तुझ्या नातीने यती पार मोडून टाकला आहे. सगळे थांबतात तिथून ती सरळ पुढे जाते आणि भलत्याच ठिकाणी थांबते. गुरुजी असते तर त्यांनी छडी उगारली असती, आणि उगारलेला हात तसाच राहिला असता.

संध्याकाळी शेजारच्या बाबाराव आणि शारदाबाईंना बोलावून पुन्हा लावलं. बाबारावला, तुला माहीत आहेच, भजनापलीकडे काही चालत नाही. गाणं संपल्यावर चष्मा पुसत माझ्यावरच डाफरला, "नरहरी, एक शब्द समजून नाही राहिला, मग मले रडू काहून येऊन राहिलं?" शारदाबाई म्हणाल्या, "भूक लागली असंन."

एक सांगतो, चित्रा. आवाज थेट विनोदिनीचा आहे. ती गेल्यापासून या घरात तो आवाज नव्हता. काल आला.

तुला कसं वाटलं, ते सविस्तर लिही.

तुझा,
नरहरी

●

धंतोली, नागपूर
१२ ऑक्टोबर २०१६

ती. भाऊजींना सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोन उचलला नाही म्हणून रागावू नका. फोनवर "हो हो, बरं बरं" याच्याशिवाय काय होते? पत्र कसं हातात राहते. तुम्ही पत्रच लिहीत जा.

क्लबच्या पायऱ्या मले चांगल्या आठवतात. त्या म्हाताऱ्याचे गालही. ताईने मला चिमटा काढला होता, हसू थांबव म्हणून, आणि स्वतःच फिसकन हसली होती.

अनुश्रीने बँकेची नोकरी सोडल्यापासून सुशील तिच्याशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचं नाव निघालं की तो उठून अंगणात जाते आणि कुंड्या इकडच्या तिकडे करते. म्हणून ती पोट्टी सगळं मलेच विचारते. दिवसातून दोनदा मोबाईलवर लिहिते, "आजी, सुना क्या? कैसा लगा?" मराठी तिला पूर्ण समजते, उत्तर मात्र हिंदीतच. मागे एकदा लिहिलं होतं, "आजी, आप हाँ बोलोगी तो गाऊँगी, नहीं तो वापस बैंक." थट्टेत लिहिलं असं तिला दाखवायचं होतं. थट्टा नव्हती ती.

गाणं चांगलंच आहे. पण मले तुमच्यासारखं सांगता कुठे येते? तुम्ही सांगा. कुठे थांबते, किती थांबते, मागे काय वाजते, शेवट कसा करते, सगळं नीट लिहा. तुमच्या पत्रातून मले जास्त ऐकू येते.

गुडघे दुखतात, बाकी ठीक.

आपली,
चित्रा

●

रायपूर
२१ ऑक्टोबर २०१६

चि. चित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ते वाक्य मी बाबारावला मोठ्याने वाचून दाखवलं. "तुमच्या पत्रातून मले जास्त ऐकू येते." म्हटलं, बघ, रसिक असा असतो. तो म्हणाला, "तुले चढवून राहिली ते." म्हणू दे.

हल्ली रोज दुपारी ऐकतो. शिशिरने मला बटणं शिकवली आहेत. आरामखुर्चीत पडतो, खिडकीतून कडुनिंबाची सावली अंगावर येते, आणि गाणं सुरू होतं. पहिलं कडवं ती जवळजवळ बोलते. शेजारणीला काहीतरी सांगावं, फारसं महत्त्वाचं नाही अशा बेतानं. दुसऱ्या कडव्यात आवाज उंच जातो, पण ओरडत नाही. उंच फळीवरचा डबा काढताना बाई टाचा उचलते ना, तेवढाच.

आणि मग ती ओळ. दार लोटून घे, आणि कडी नको लावूस. शेवटच्या खेपेला ती "कडी" या शब्दाच्या आधी थांबते. इतकी थांबते की वाटतं, विसरली. एखादी बाई दाराच्या कडीवर हात ठेवते आणि लावायची होती की काढायची, तेच विसरून जाते, तशी. मग तो शब्द गात नाही, नुसता म्हणते.

त्या थांबण्याच्या मागून क्लॅरिनेट येते. कशी सांगू? उतरत्या उन्हात तळ्यावरून एकच बगळा घाई न करता जावा, तशी. मी डोळे मिटतो आणि मला पोळपाटाचा आवाज येतो, चित्रा. खरंच येतो.

रायपूर राजधानी झाल्यापासून तेलीबांध्याच्या तळ्याला कठडा आला, दिवे आले. संध्याकाळी बाबाराव आणि मी तिथे जाऊन बसतो. काल तो भेळ खाता खाता तीच ओळ गुणगुणत होता. भजनाच्या चालीत.

तुझा,
नरहरी

●

नागपूर
७ नोव्हेंबर २०१६

ती. भाऊजींना सा. न.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं, विचारू नका. अनुश्रीला मोबाईलवर लिहून कळवलं, कसं वाटलं ते. बोटं चालत नाहीत, पूर्ण दुपार गेली. तिनं लगेच लिहिलं, "आजी, मैं रो रही हूँ." चांगलं रडून राहिली ती.

डिसेंबरात नव्या रायपुरात तिचा कार्यक्रम आहे म्हणते. तुम्ही जा. मले गुडघे येऊ देणार नाहीत. जाऊन आलात की सगळं लिहा.

आपली,
चित्रा

●

रायपूर
१९ डिसेंबर २०१६

चित्रा,

काल कार्यक्रम झाला. मी हे पत्र सकाळपासून तीनदा फाडलं आहे.

नव्या रायपुरात रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस परगावचा वाटतो. बसचा भरवसा नाही म्हणून शिशिरने गाडी काढली, मागे बाबाराव आणि शारदाबाई. शारदाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. उघड्यावरचा रंगमंच, थंडी, सचिवालयातले साहेब पुढच्या रांगेत. अनुश्री काळ्या साडीत आली. पाच-सहा गाणी म्हटली. टाळ्या पडल्या. पण आपलं गाणं म्हणेचना. बाबारावला राहवलं नाही. मागून उभा राहून ओरडला, "बेटा, वो दरवाज़ेवाला! वो सुनने आए हैं!" लोक हसले. तीही हसली आणि मान हलवून नाही म्हणाली. मग कार्यक्रम संपला.

आम्ही मागे तिला भेटायला गेलो. वाकून पाया पडली. "मोठे आजोबा, आप इतनी दूर आए!" मी विचारलं, "ते गाणं का नाही म्हटलंस? तुझ्या आजीला तर किती आवडलं."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी ने सुना ही नहीं है."

मी म्हटलं, "असं कसं? तिनं तुला लिहिलं ना?"

"हाँ, लिखा. 'कडीवर हात ठेवून बाई विसरते तशी थांबतेस.' आजोबा, वो लाइन मैंने अपने कमरे की दीवार पर लिख रखी है. आज तक किसी ने मेरे लिए ऐसा नहीं कहा. फिर उसके नीचे लिखा था, क्लॅरिनेट बगळ्यासारखी येते. मेरे गाने में क्लॅरिनेट है ही नहीं, आजोबा. पियानो है, और वो खड़ा वाला बास. बस. मैं इतने दिन सोचती रही कि शायद आजी को कुछ और सुनाई दिया. फिर समझ गई. किसी से लिखवा लिया होगा."

ती म्हणत होती, "पापा नहीं सुनते, तो बोलके नहीं सुनते. आजी ने झूठ क्यों बोला? चार मिनट का तो गाना है."

माझी वाक्यं तिच्या तोंडून येत होती. घरी येऊन शिशिरला गाणं लावायला लावलं. क्लॅरिनेट नाही. ती माझी, चित्रा. क्लबच्या खिडकीतली. मी दुपारी डोळे मिटून जे ऐकलं ते तुला लिहिलं, आणि तू तसंच तिला कळवलंस. माझ्या वेडेपणाचं मी भोगीन. पण तू? नातीचं गाणं एकदाही ऐकलं नाहीस? मी रसिक म्हणून मिरवत होतो तुला, आणि तू माझी पानं उतरवून काढत होतीस?

तिनं जाताना सांगितलं, जानेवारीत बँकेची परीक्षा देते आहे म्हणून.

नरहरी

●

नागपूर
२८ डिसेंबर २०१६

ती. भाऊजींना सा. न.

तुमचं रागावणं बरोबर आहे. क्लॅरिनेट वाचून मले थोडी शंका आली होती, तरी लिहिलं. मले वाटलं, असेल. नव्या गाण्यात काय आहे ते मले कुठून कळणार?

भाऊजी, मले ऐकू येत नाही.

कानाला मशीन आहे. सुशीलने आणली, त्यालाही तेवढंच ठाऊक की आईला मशीन लावली की येते ऐकू. समोर बसून कुणी बोललं तर येतेही. फोनवर नाही. आणि गाणं तर नाहीच. गाणं लावलं की डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं वाजते. डॉक्टर म्हणाले, नस सुकली आहे, बोलणं कळतं त्यात समाधान माना.

तुम्ही विचारता, एकदाही नाही ऐकलं? मशीन लावून ऐकलं, काढून ऐकलं. उशीखाली मोबाईल ठेवून ऐकलं. सून बाहेर गेली की देवघरात दार लावून मोठ्याने लावलं. शेजारच्या बाई विचारायला आल्या, कोण गाते म्हणून. त्यांना भिंतीपलीकडून ऐकू गेलं. मले खिळेच.

तिला काय सांगू मी? ती म्हणते आजी हो म्हणाली तर गाईन. त्या आजीला तिचा आवाज खिळ्यांसारखा लागते, हे सांगू? उद्या ती कुठेही गायला उभी राहिली तर पहिले तेच तिच्या मनात येईल. म्हणून तुम्हाला विचारत गेले, आणि तुम्ही लिहिलेलं तिला देत गेले. तुमचं ऐकणं खरं होतं ना? मग ते तिला मिळालं तर काय बिघडलं, असं वाटलं मले.

तिने मला खोटारडी समजावं. आळशी म्हातारी समजावं. चालेल. पण हे तिला सांगू नका. तुम्हाला ताईची शपथ आहे.

आपली,
चित्रा

●

नागपूर
२४ जानेवारी २०१७

ती. भाऊजींना,

तुम्ही सांगितलं. ताईची शपथ घातली होती तरी सांगितलं. चार दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की तुमचं नाव घेतलं नाही. आता घेते.

ती संक्रांतीनंतर आली. न कळवता. सुशीलने दार उघडलं आणि नेहमीसारखा अंगणात जायला निघाला. तिनं त्याच्या दंडाला धरून सांगितलं, "पापा, आज अंदर बैठो." तो बसला.

माझ्यासमोर खाली बसली. तोंडाकडे बघून हळू बोलली, म्हणजे कळावं. मराठीत. जन्मात पहिल्यांदा पूर्ण वाक्य मराठीत बोलली असेल. "आजी, तू झोप. कुशीवर."

मी म्हटलं, "वेडी झाली का, दुपारची?" तर तिनं माझ्या कानातली मशीन काढली आणि कनवटीला ठेवावी तशी स्वतःच्या मुठीत ठेवली. मग काही ऐकू येईना. मी झोपले कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. आणि ती मले थोपटायला लागली.

भाऊजी, तोच ठेका. उलटा. थाप पडायला पाहिजे तिथे नाही, जराशी मागून. ती गात असेल, कारण तिच्या हातातून थरथर यायची, पाटा-वरवंटा चालू असताना ओट्याला येते तशी. आधी सावकाश, मग दुसऱ्या कडव्याला हात हलका झाला. तुम्ही लिहिलं होतं ना, टाचा उचलते तशी, ते कळलं. मग शेवटची ओळ आली. मी वाट पाहत होते. हात पाठीवरून उचलला आणि खाली आलाच नाही.

तुम्ही लिहिलं होतं, विसरल्यासारखी थांबते. नाही. विसरलेली नाही ती. तिला सगळं ठाऊक आहे, तरी हात टेकवत नाही. तेवढ्यात मले आई आठवली, ताई आठवली, सुशील तान्हा होता तो आठवला. मग हात आला. एकच थाप.

मी वळून पाहिलं तर सुशील पलंगाच्या पायथ्याशी उभा. तोंडावर हात. त्याला ऐकू येत होतं ना. घरात त्याला एकट्याला ऐकू येत होतं.

मी अनुश्रीला म्हटलं, "थांबलीस ते बरोबर केलंस." एवढंच. माझ्या स्वतःच्या मनाचं एवढंच होतं. ती माझ्या पोटात तोंड घालून किती रडली. काहीतरी बोलत होती, मशीन तिच्याच मुठीत, मले काही कळलं नाही.

परीक्षा दिली नाही तिनं. पुढे काय करते, पाहू.

पण भाऊजी, ठेका कळला, थांबणं कळलं. आवाज नाही कळला. तो कसा झाला आहे, ते आता मले कधीच कळणार नाही. मी ऐकला तो लहान पोरीचा होता. ते तुम्ही लिहा. बगळा नको, क्लॅरिनेट नको. जसा आहे तसा लिहा.

आपली,
चित्रा

●

शंकर नगर, रायपूर
२ फेब्रुवारी २०१७

चि. चित्रास,

शपथ मोडली. विनोदिनीला काय उत्तर द्यायचं ते मी बघून घेईन.

तू म्हणतेस तसं काल ऐकलं. आरामखुर्चीत नाही, जेवायच्या टेबलाशी ताठ बसून, डोळे उघडे ठेवून. शिशिरला शेजारी बसवलं, म्हटलं, मी वाहवत गेलो तर थांबव.

आवाज जाडसर आहे. सकाळी उठून पहिला शब्द बोलावा, तसा. वर जाताना किंचित घासतो, खाली येताना मोकळा होतो. "स" म्हणताना हवा दातांतून निसटते. ओळ संपली की श्वास ऐकू येतो, तो ती लपवत नाही. गोड नाही. शिशिर म्हणाला, "बाबा, हा तर चित्रामावशीचा आवाज आहे. मावशी भांडताना असंच बोलते." मी पुन्हा लावून ऐकलं. त्याचं बरोबर आहे. तुझा "स" असाच निसटतो. तुझा आवाज तुला ऐकू येत होता, तोवरचा आठवत असेल तर तो घे, आणि त्यातलं वय काढून टाक. तसा आहे.

म्हणजे विनोदिनीचा नाही.

हे लिहायला मला आजचा सबंध दिवस लागला. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, थेट विनोदिनीचा आवाज, या घरात पुन्हा आला. तेव्हा मी खोटं लिहिलं नव्हतं. पण काल डोळे उघडे ठेवून ऐकताना ताडून पाहायला गेलो, तर ताडायला काही नाही. तिचा हात आठवतो, पिठाचा. मानेवरचा तीळ आठवतो. निघताना ती दारात काय म्हणायची ते शब्द सगळे आठवतात. आवाज आठवत नाही, चित्रा. केव्हा गेला तेही कळलं नाही. शाळेतल्या कविता चालीसकट पाठ आहेत, गुरुजींचं खाकरणंसुद्धा कानात आहे, आणि जिच्याबरोबर जन्म काढला तिचा आवाज नाही. आठवायला बसलो की त्या जागी क्लॅरिनेट वाजते.

आमच्या वेळी कोण कुणाचा आवाज भरून ठेवत होतं? शिशिर म्हणतो, त्यालाही नीट आठवत नाही.

पण तुझ्याकडे असेल. बाहेरचं काही तुझ्या कानात आता येत नाही, म्हणजे आतलं कशानं पुसलंही जात नसेल, असं मला वाटतं. पायऱ्यांवर चिमटा काढून ती तुला काहीतरी म्हणाली असेल. पोळ्या लाटताना गुणगुणायची तेव्हा तू ओट्याशी उभी असायचीस.

ताईचा आवाज कसा होता, ते मला लिही. बारीक होता का, जाड होता, कुठे अडायचा. सावकाश लिही, बोटं दुखली तर थांब.

आणि चित्रा, जसा होता तसा लिही.

तुझा,
नरहरी